काळी काच, सत्तर-पन्नासचा नियम आणि मीटर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की अॅक्सेसरीजच्या दुकानांपुढे फिल्म मारून घ्यायला गाड्या उभ्या राहतात आणि मागोमाग चौकांत त्याच फिल्मवर चलन फाटू लागते. मग टपरीपासून वाचकांच्या पत्रांपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो : चाळीस अंशांत गाडीची भट्टी होते, काच जराशी काळी केली तर कुणाचे काय जाते? प्रश्न रास्त आहे. 'नियम आहे म्हणून' एवढ्या उत्तराने कुणाचे समाधान होत नाही, व्हायलाही नको. मोटारींच्या काचा बसवणे, त्यांवर फिल्म चढवणे आणि उतरवणे हा आमचा धंदा. त्यामुळे काचेचा हिशेब गिऱ्हाईक आणि पोलीस या दोघांपुढेही ठेवावा, म्हणून हे पत्र.

आधी नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०० सांगतो की, पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश पार झाला पाहिजे. गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसापुरते हे नाही. काचा कायम तशा स्थितीत ठेवायच्या आहेत. यातला 'मागची काच' हा भाग बहुतेकांच्या गावीही नसतो. मागे कितीही काळे चालते, अशी ठाम समजूत आहे. ब्रिटनमध्ये तसे चालते. तिथे १ एप्रिल १९८५ नंतरच्या मोटारींना पुढच्या काचेला ७५ आणि पुढच्या दारांच्या काचांना ७० टक्क्यांची अट आहे, मागच्या काचांना नाही. आपल्याकडे मागची काच पुढच्या काचेच्याच मापाने मोजली जाते. पुढच्या दारांच्या बाबतीत मात्र आपला नियम ब्रिटनहून बराच सैल आहे, हे 'आपलेच सरकार छळते' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

खरी गफलत होते ती टक्क्यांच्या गणितात. नियमातले ५० टक्के हे काच आणि फिल्म मिळून आहेत, नुसत्या फिल्मचे नाहीत. कंपनीतून येणारी दाराची काचही पूर्ण पांढरी नसते. तिला हलकी हिरवट झाक असते आणि तिच्यातून साधारण ७५ ते ८० टक्के प्रकाश जातो. तिच्यावर फिल्म चढवली की दोन्ही आकड्यांचा गुणाकार होतो. ७५ च्या काचेवर '५० ची' फिल्म मारली तर हाती उरतात साडेसदतीस टक्के, म्हणजे नियमभंग. ७० ची मारली तर साडेबावन्न, म्हणजे जेमतेम आत. ३५ ची मारली तर २६, आणि आपल्याकडे सर्रास खपणारी २० ची मारली तर उरले फक्त १५. पुढच्या काचेचे गणित याहून कठीण आहे. ती मुळात ७६ ची असेल तर जवळपास पारदर्शक, ९० टक्के प्रकाश सोडणारी फिल्मसुद्धा तिला ६८ वर आणून बसवते. 'ही तर क्लिअर आहे, हिला कोण काय बोलणार' असे सांगून पुढच्या काचेवर फिल्म चढवणारा दुकानदार गिऱ्हाइकाला खड्ड्यात घालतो. दुकानात आकडा विचारताना आणखी एक काळजी घ्यावी. कुणी 'सत्तर' म्हणजे सत्तर टक्के प्रकाश आत सोडणारी सांगतो, तर कुणी सत्तर टक्के उजेड किंवा उष्णता अडवणारी. आत किती येणार, ते बिलावरच लिहून मागावे.

आता प्रकाशाची ही उठाठेव कशासाठी? दुपारी बारा वाजता १५ टक्क्यांच्या काचेतूनही सगळे लख्ख दिसते आणि माणूस फसतो तो इथेच. भर उन्हात उजेड इतका मुबलक असतो की, त्याचा सातवा हिस्सा डोळ्याला पुरून उरतो. रात्री तसे होत नाही. काळ्या काचेतून रस्ता आणि रस्त्यावरचा माणूस दोघेही सारख्याच प्रमाणात मंद होतात, त्यामुळे दोघांतला फरक कायम राहतो, असे वाटते. पण उजेड कमी झाला की तेवढाच फरक ओळखायला डोळा असमर्थ ठरतो. त्याला ठळक फरक लागतो. गडद कपड्यांतला पायी चालणारा, मागे दिवा नसलेली सायकल, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली यांचा फरक आधीच पुसट असतो. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या हंगामात निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या रस्त्यांवर रात्री काय काय चालते, ते इथल्या चालकांना सांगायला नको. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे पावणेसतरा मीटर जाते. ट्रॉली अर्धा सेकंद उशिरा दिसली तर ब्रेकवर पाय पडेपर्यंत आठ मीटर गेलेले असतात, म्हणजे एकामागे एक उभ्या दोन मोटारींएवढे अंतर.

यात वयाचाही भाग आहे. वय वाढते तशी डोळ्यातली बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही आणि आतले भिंग पिवळसर, धूसर होत जाते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या मानाने ढोबळपणे एक-तृतीयांश प्रकाश पोचतो. मुलाने हौसेने काळी करून घेतलेली गाडी रात्री वडील चालवतात, तेव्हा आधीच्या तिसऱ्या हिश्शाचाही सातवा हिस्सा त्यांच्या वाट्याला येतो.

'पुढची काच तर स्वच्छ आहे, फिल्म फक्त दारांना आहे,' असा युक्तिवाद नेहमी होतो. पण बाहेरचे आरसे चालक कशातून पाहतो? पुढच्या दारांच्या काचेतूनच. आरशात दिसणारा दुचाकीवाला काळ्या काचेमागे असतो. उजवीकडे वळताना, गल्लीतून मुख्य रस्त्याला लागताना, पार्किंगमधून मागे घेताना नजर बाजूच्या काचेतूनच जाते. रात्री वळणावर काच खाली करून मान बाहेर काढणारा चालक दिसला की, त्या गाडीच्या काचेला प्रकाश मोजणारा मीटर लावायची गरजच नाही. आणि आषाढात इगतपुरी-कसारा घाटात पाऊस आणि धुके एकत्र असताना काच खाली करायचीही सोय नसते.

पुढच्या काचेला जादा आकडा का, यालाही कारण आहे. टक्केवारी मोजली जाते ती काचेशी काटकोनात. आजच्या मोटारींची पुढची काच चांगलीच कललेली असते आणि चालकाची नजर तिच्यातून तिरपी जाते. तिरप्या प्रकाशाचा जास्त भाग काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित होतो, शिवाय त्याला काचेतून जास्त अंतर कापावे लागते. मीटरवर ७५ दाखवणारी काच चालकाच्या डोळ्याला प्रत्यक्षात त्याहून कमीच प्रकाश देते. सत्तरची अट म्हणूनच कंजूष वाटली तरी ती सैल करण्याजोगी नाही. नव्या गाड्यांत आरशामागे कॅमेरा आणि पावसाचा सेन्सर असतो. त्याच्यावर फिल्म आली तर लेन सांगणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकू लागते, ते वेगळेच.

मागच्या काचेविषयी सगळ्यात कमी बोलले जाते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. कितीतरी गाड्यांत उंचावरचा तिसरा ब्रेक लाइट मागच्या काचेच्या आतल्या बाजूला बसवलेला असतो. तो कंपनीने मुद्दाम डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आहे, कारण खालचे दोन दिवे गर्दीत मधल्या गाडीआड जातात. त्या काचेवर २० ची फिल्म मारली की त्या दिव्याचा उजेड एक-पंचमांश झाला. भर उन्हात तो पेटला आहे की नाही, हेही मागच्याला कळत नाही. काही कारागीर तेवढ्या जागेवरची फिल्म कापून देतात. त्याने दिवा वाचतो, बाकीचा घोटाळा तसाच राहतो.

बाकीचा घोटाळा म्हणजे आरपार दिसण्याचा. रांगेत चालताना सराईत चालक फक्त समोरच्या गाडीकडे पाहत नाही. तिच्या मागच्या आणि पुढच्या काचेतून आरपार, तिच्याही पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट पाहतो. दोन्ही काचा सत्तरच्या असतील तर सत्तर टक्क्यांचे सत्तर टक्के, म्हणजे ४९ टक्के प्रकाश आरपार येतो. तेवढा भरपूर झाला. बाजूने पाहिले तर नियमातल्या पन्नासच्या दोन काचांमधून पाव हिस्सा येतो. उभ्या गाडीपलीकडून रस्त्यात उतरणारे पोर त्यात दिसू शकते. पण १५-१५ टक्क्यांच्या दोन काचांतून आरपार येतात फक्त सव्वादोन टक्के. व्यवहारात ती गाडी म्हणजे रस्त्यातली भिंत झाली. नाशिक-पुणे रस्त्यावर बिटकोपासून पुढे सलग ब्रेक लागतात तेव्हा साखळीत ठोकरणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या गाडीला पुढचे काहीच दिसलेले नसते.

द्वारका सर्कलला सिग्नल असला-नसला तरी वाहतूक बरीचशी नजरेवर चालते. दुचाकीवाला गाडीपुढून जाताना चालकाच्या तोंडाकडे पाहतो : याने मला पाहिले का, हा फोनवर तर नाही ना, हा थांबेल का? म्हातारी बाई हात वर करून रस्ता ओलांडते तीही चालकाच्या मानेच्या हालचालीवर भरवसा ठेवून. काळ्या काचेआड चालकाचा चेहरा नाहीसा झाला की हा सगळा व्यवहार एकतर्फी होतो. आतल्याला बाहेरचे निदान थोडे दिसते, बाहेरच्याला आतले काहीच नाही. आमच्या मते नियमाचे सगळ्यात भक्कम कारण हेच आहे आणि ते नेमके कुठल्याच फलकावर लिहिलेले नसते.

फलकांवर असते गुन्हेगारी. तेही खोटे नाही. नाकाबंदीत गाडीकडे चालत जाणाऱ्या शिपायाला आत एक माणूस आहे की पाच, हे दिसलेच पाहिजे. पट्टा लावला आहे का, मोबाइल कानाला आहे का, हे कॅमेऱ्याने टिपायचे तरी काच पारदर्शक हवी. पण याहून साधी आणि भयंकर गोष्ट सांगायला हवी. उन्हात उभ्या गाडीत खेळता खेळता शिरलेले किंवा झोपेत विसरलेले मूल आत अडकते, तेव्हा त्याला वाचवणारा बहुधा जाता-येता डोकावणारा अनोळखी माणूस असतो. काच काळी असेल तर तो डोकावूनही त्याला काही दिसत नाही. बंद गाडीतले तापमान बाहेरच्याहून वीस अंशांनी चढायला अर्धा-पाऊण तास पुरतो.

काच फुटण्याचेही एक शास्त्र आहे. पुढची काच लॅमिनेटेड असते : दोन काचांमध्ये प्लास्टिकचा चिवट थर. ती तडकते पण जागेवर राहते. दारांच्या काचा सहसा टफन्ड असतात. त्या सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेल्या असतात, त्यामुळे फुटल्या की बोथट दाण्यांचा ढीग होतो आणि वाट मोकळी होते. जाड फिल्म त्या दाण्यांना धरून ठेवते. अपघातात तुकडे अंगावर उडत नाहीत, हा तिचा फायदा आम्ही नाकारत नाही. पण गाडी पाण्यात गेली, पेटली किंवा दारे अडकली तर हातोडीच्या घावाने काच फुटूनही चादरीसारखी लोंबत राहते आणि बाहेरच्या माणसाला ती ढकलून, फाडून काढावी लागते. ज्यांच्या गाडीला फिल्म आहे त्यांनी हातोडीबरोबर पट्टा कापायची पातीही हाताशी ठेवावी. ती फिल्मलाही चालते.

आता उन्हाचे. इथे आमच्याच धंद्यातल्या काही जणांनी लोकांच्या डोक्यात पक्के बसवले आहे की, जितकी काळी तितकी थंड. हे चूक आहे. सूर्याच्या उष्णतेचा ढोबळपणे अर्धा भाग अवरक्त किरणांतून येतो, ते डोळ्याला दिसतच नाहीत. अतिनील किरणांचा वाटा पाचेक टक्के. उरलेला दृश्य प्रकाश. स्वस्त, रंग दिलेली काळी फिल्म मुख्यतः हा दृश्य भाग खाते आणि खाल्लेली उष्णता तिच्यासकट काचेत साठते. गाडी धावत असेल तर वारा तिच्यातली काही बाहेर नेतो. उन्हात उभी असेल तर तापलेली काच ती आतही सोडत राहते. दारावर हात टेकून पाहा, काळ्या फिल्मची काच चटका देते. याउलट अवरक्त किरण अडवणारी सिरॅमिक फिल्म ७० टक्के प्रकाश सोडूनही गाडीतली तलखी कमी करू शकते. ती महाग पडते आणि दिसायला 'काहीच मारलेले नाही' अशी दिसते, म्हणून गिऱ्हाइकाला पटत नाही. धातूचा थर असलेल्या फिल्मच्या नादी मात्र लागू नये. ती पुढच्या काचेवर असली की घोटी किंवा शिंदे टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जात नाही, जीपीएसही अडखळतो.

शिवाय गाडी तापते ती सर्वांत जास्त पुढच्या काचेतून. ती सगळ्यात मोठी, कललेली, आणि तिच्याखाली काळा डॅशबोर्ड. दारे कितीही काळी करा, ते ऊन येतच राहणार. त्यावर उपाय म्हणजे गाडी उभी करताना पुढच्या काचेला आतून चंदेरी शेड लावणे आणि जमेल तिथे गाडीची पाठ उन्हाकडे करणे. निघताना समोरासमोरची दारे मिनिटभर उघडी ठेवावीत, पहिले अर्धा किलोमीटर काचा खाली करून एसी बाहेरच्या हवेवर चालवावा आणि गरम हवा निघून गेली की मग आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. बरेच जण तापलेल्या गाडीत बसताच काचा बंद करून आतली हवा फिरवत बसतात आणि एसी कमजोर झाला म्हणून गॅस भरायला येतात. कातडी काळवंडण्याची तक्रार असेल तर एवढे ध्यानात ठेवावे की, पुढच्या काचेतला प्लास्टिकचा थर अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. उजवा हात रापतो तो दाराच्या साध्या टफन्ड काचेमुळे. त्याला सुती बाही किंवा सनस्क्रीन पुरते. चुंबकाच्या जाळ्या गाडी उभी असताना खुशाल लावाव्यात. पुढच्या दारांच्या जाळ्या गाडी सुरू करण्याआधी काढल्याच पाहिजेत, कारण त्या आरसा झाकतात.

कायद्यातला गुंता मात्र खरा आहे आणि त्याचा त्रास प्रामाणिक माणसाला होतो. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देऊन ४ मे २०१२ पासून देशभर काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली, मग ती कितीही टक्क्यांची असो. कंपनीने काचेतच रंग देऊन ७० आणि ५० पाळले तर चालेल, वरून चिकटवलेले चालणार नाही, असा त्याचा आशय. सवलत राहिली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरती. पुढे नियमात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' आले. त्यात आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते, अर्थात ७०-५० ची अट कायम ठेवून. याच दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, मापात बसणाऱ्या फिल्मसाठी वाहनमालकाला दंड करता येणार नाही, असा निकाल दिला. तो निकाल महाराष्ट्रातल्या पोलिसांवर बंधनकारक नाही. त्यामुळे आज नाशकात मापातली फिल्म लावणाऱ्यालाही २०१२ च्या आदेशावरून चलन मिळू शकते, ही वस्तुस्थिती गिऱ्हाइकाला आधीच सांगणे आम्हाला योग्य वाटते. राज्याच्या परिवहन विभागाने यावर एक स्पष्ट परिपत्रक काढले तर रस्त्यावरची निम्मी हुज्जत संपेल.

उरलेली निम्मी संपवायला मीटर लागेल, आणि आमची मुख्य मागणी तीच आहे. आज कारवाई डोळ्यांच्या अंदाजावर चालते. डोळा भर उन्हात कंपनीची गडद हिरवी काचही काळी म्हणतो आणि संध्याकाळी ३५ ची फिल्म सोडून देतो. प्रकाश मोजणारा मीटर खिशात मावतो. दोन तुकड्यांचा घ्यावा : एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर, दोन्हीला चुंबक. एकाच खाचेचा मीटर फक्त खाली होणाऱ्या दाराच्या काचेवर चालतो. पुढच्या-मागच्या आणि तिकोनी बंद काचेवर नाही. मोजण्याची रीत सोपी आहे, पण ती पाळावी लागते. काचेची दोन्ही अंगे त्या जागेपुरती ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावीत, कारण नुसती धूळ आकडा बराच खाली आणते. मधे काच नसताना मीटर १०० दाखवतो का, ते पाहावे. सोबत दिलेल्या नमुना काचेवर ठरलेला आकडा येतो का, ते तपासावे. मग काचेच्या कडेपासून, डिफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या) रेघांपासून आणि काळ्या ठिपक्यांच्या पट्टीपासून दूर, तीन ठिकाणी मोजावे. एक-दोन टक्क्यांची घट यंत्राच्या पदरात टाकावी. ४९ दाखवणाऱ्या काचेवरून रस्त्यात भांडत बसण्यात अर्थ नाही. खरे गुन्हेगार पंधरावर बसलेले असतात. मोजलेला आकडा ई-चलनावर छापला गेला तर मालकाला दादही मागता येईल आणि 'साहेबांच्या मनाला आले' हे बोलणेही थांबेल.

असे मीटर वाहतूक शाखेच्या पथकांकडे हवेत, तसेच पेठ रोडच्या आरटीओत फिटनेस तपासणीच्या जागीही हवेत. टुरिस्ट परमिटच्या गाड्यांना फिटनेसला यावेच लागते, त्यामुळे त्यांची काच तिथेच मोजून होईल. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी बाहेरून हजारो गाड्या येणार, रात्री-अपरात्री पायी चालणारे भाविक त्र्यंबक रोडने जाणार; त्याआधी हे झाले तर बरे. आणि कारवाईची सुरुवात करायचीच असेल तर पुढे बोर्ड, झेंडा किंवा 'शासन' लिहिलेल्या ज्या गाड्यांना झेड सुरक्षा नाही त्यांच्यापासून करावी. लोक तेवढ्यावरून ओळखतात की मोहीम खरी आहे की मार्चअखेरची.

दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० आणि पुढे १५०० रुपये. फिल्म काढण्याची मजुरी धरली तर हे फार नाही, म्हणून काही महाभाग दंड भरून तशीच गाडी हाकतात. पोलिसांनी फिल्म जागेवर उतरवणे त्यामुळे समजण्यासारखे आहे, पण ब्लेडने ओरबाडून उतरवणे नाही. मागच्या काचेच्या आतल्या अंगावर डिफॉगरच्या ज्या तांबूस रेघा असतात त्या काचेवर छापलेल्या असतात. ब्लेडने एक रेघ तुटली की ती पूर्ण ओळ बंद पडते आणि पावसाळ्यात तेवढ्या पट्ट्यात काच धुकटलेली राहते. सगळ्या तुटल्या तर पूर्ण काच बदलावी लागते. मागच्या काचेपुरती मालकाला दोन-तीन दिवसांची मुदत देऊन पुन्हा मोजावे, हे बरे.

घरी काढायची असेल तर गाडी तासभर उन्हात ठेवून काच कोमट होऊ द्यावी. दाराच्या पॉवर विंडोच्या बटणांवर आणि स्पीकरवर जाड टॉवेल टाकावा, नाहीतर पाणी झिरपून बटण शॉर्ट होते. हेअर ड्रायर किंवा कपड्यांचा स्टीमर चार बोटांवरून फिरवत वरचा कोपरा नखाने सोडवावा आणि फिल्म काचेला जवळजवळ समांतर धरून सावकाश खाली ओढावी. सरळ बाहेर खेचली की फिल्म येते आणि डिंक काचेवरच राहतो. राहिलेल्या डिंकावर साबणाच्या पाण्यात भिजवलेला वर्तमानपत्राचा कागद वीस मिनिटे चिकटवून ठेवावा, मग प्लास्टिकच्या खरवडणीने काढावा. मागच्या काचेवर खरवडणी नेहमी रेघांच्या दिशेने चालवावी, रेघा छेदून कधीच नाही. शेवटचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने जातो. अमोनियाचा नुस्खा मोबाइलवर फिरतो आहे, तो बंद गाडीत करू नये. डोळे-घसा जळतात आणि डॅशबोर्डचे प्लास्टिक पांढरे पडते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, खडीचा टवका असलेली पुढची काच त्याने सरळ चिरते. फिल्म जुनी होऊन जांभळट पडली असेल किंवा तिला बुडबुडे आले असतील तर ती आज ना उद्या काढावीच लागेल, कारण समोरून येणाऱ्या एलईडीचा झोत त्या बुडबुड्यांत फुटून चालकाच्या डोळ्यांपुढे पसरतो. काढून झाल्यावर काच कोरडी करून एकदा मीटर लावून घ्यावा. काही जुन्या गाड्यांत कुणीतरी बाहेरची, मापात न बसणारी काच बदलून बसवलेली असते आणि फिल्म निघूनही आकडा पन्नासच्या खालीच राहतो. अशी काच तिच्या कोपऱ्यातला कोरलेला शिक्का पाहून ओळखता येते. तिथे उत्पादकाचे नाव आणि भारतीय मानक २५५३ चा उल्लेख नसेल तर ती बदलून घ्यावी.

कळावे,

आपले,
मोटारींच्या काचांचे काम करणारे,
सिडको, नाशिक